पाहुण्यांसमोर सांगायची गोष्ट

चर्चमध्ये तेवीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे तुम्ही ख्रिश्चन झालात?" नाही झाले. मी बौद्ध आहे, मुलुंडच्या माहेराहून दहिसरच्या सासरी आले आणि घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी मिळाली म्हणून तिला चिकटले. सुरुवातीला सासूबाईंना वाटायचं की मला तिथे रविवारी गुडघे टेकायला लावतात. एकदा त्या न सांगता बघायला आल्या. मी तेव्हा शिलाईच्या वर्गात कात्रीवरून जुंपलेल्या दोन बायकांना सोडवत होते. घरी येऊन त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "काही नाही हो. इथे करते तेच तिथे करते."

चर्चच्या आवारात मागच्या अंगाला एक बैठी इमारत होती, तिला आम्ही केंद्र म्हणायचो. चर्चच्या हद्दीत जेवढा भाग येतो ती त्यांची पॅरिश, आणि पॅरिशमधल्या गरीब वस्त्यांसाठी जे काही चालायचं ते या केंद्रातून. बालवाडी, शिलाईचा वर्ग, बायकांचं मंडळ, दाखले काढून देणं, आणि गुरुवारी संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक. येणाऱ्यांत ख्रिश्चन अगदी थोडे. आमच्या बालवाडीच्या नाताळच्या नाटकात मेरी व्हायची ती शेखांची मुलगी आणि जोसेफ गायकवाडांचा. यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

मी वस्ती कार्यकर्ती. म्हणजे काय, तर घरोघर जायचं, चहा प्यायचा, ऐकायचं आणि बायकांना बोलतं करायचं. आमचे तेव्हाचे फादर मनोरीचे, त्यांची मराठी माझ्यापेक्षा झणझणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "हे बघ, लोकांसाठी तू बोलू नकोस. लोक स्वतः बोलले पाहिजेत. तुझा आवाज वस्तीत जितका कमी ऐकू येईल तितकं तुझं काम चांगलं." मला हे इतकं पटलं की बायकांना बोलायला शिकवणं हीच माझी खासियत झाली.

नदीकाठच्या आमच्या वस्तीला सार्वजनिक संडास मिळत नव्हता. अर्ज घेऊन बायकांनीच वॉर्ड ऑफिसात जायचं ठरलं. त्याआधी हॉलमध्ये तालीम. साहेब कोण होणार? फादर झाले. पहिल्या खेपेला ते इतके गोड वागले, "बसा ताई, पाणी घेणार?" की बायका पुढचं सगळं विसरल्या. मी म्हटलं, "फादर, असा साहेब असतो का कुठे?" दुसऱ्या खेपेला त्यांनी पाय टेबलावर टाकले आणि म्हणाले, "काय गं, कशाला गर्दी केलीय? उद्या या." झालं! आमच्या शांताबाईंनी त्यांची जी खरडपट्टी काढली, ती ऐकून शेजारच्या शाळेतल्या सिस्टर खिडकीशी आल्या. प्रत्यक्षात वॉर्ड ऑफिसातला साहेब अर्ज वाचून "ठीक आहे, बघून घेतो" एवढंच म्हणाला आणि शांताबाई परत येताना रस्ताभर हिरमुसलेल्या होत्या. "एवढी तयारी केलेली, फुकट गेली ना ताई." संडास मात्र झाला.

सांगायचा मुद्दा, बोलायला शिकवण्यात माझा हातखंडा होता. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. ती माझ्या याच हातखंड्याची गोष्ट आहे.

रंजना पहिल्यांदा केंद्रात आली तेव्हा तिच्या कपाळाला टाके होते. नवरा रिक्षावाला, दोघंही मालवणकडचे, पदरात तीन वर्षांची मुलगी, स्नेहल. नवरा प्यायचा आणि मारायचा. एकदा त्याने फेकलेला स्वयंपाकाचा टोप तिला लागला होता. मी तिच्या घरी जाऊ लागले, तिला शिलाईच्या वर्गात घातलं. हात चांगला होता तिचा. वर्षभरात ती ब्लाउज शिवायला लागली, पुढे शाळेचे युनिफॉर्म. मधल्या काळात नवऱ्याची दारू सुटली. मी त्याला ओढून दोन गुरुवार बैठकीला आणला होता. तिसऱ्या गुरुवारी तो आला नाही, पण दारू सुटली ती सुटलीच.

आमच्या केंद्राला मदत करणाऱ्या संस्थांची माणसं वर्षातून तीन-चारदा काम बघायला यायची. त्यांना फिरवायचं काम माझं. बालवाडी दाखवायची, वर्ग दाखवायचा आणि शेवटी वस्तीतल्या एका घरी न्यायचं. त्या घरातल्या बाईने आपली कहाणी सांगायची. या कामात असलेल्या सगळ्यांना हे घर माहीत असतं. ते रस्त्यापासून फार आत नको, चपला काढून पाच-सहा माणसं बसतील एवढं हवं आणि बाई बोलकी हवी. रंजनाचं घर पहिल्याच गल्लीत होतं.

तिला बोलकी मी केली. तिच्या मोरीच्या कट्ट्यावर बसून मी तिच्याकडून तालीम करून घेतली. पहिल्यांदा ती सगळंच सांगायला लागली, जसं घडलं तसं.

"मग आम्ही गावाक गेलो. हेंनी देवळात गाऱ्हाणा घातल्यानी, आणि तेव्हापासून सोडली," ती म्हणाली. कोकणात देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस मागणाऱ्याचं नाव घेऊन देवाला त्याचं मागणं मोठ्याने सांगतो आणि जमलेले सगळे दर वाक्याला "होय महाराजा" म्हणतात. रंजनाच्या नवऱ्याने अख्ख्या वाडीसमोर आपलं व्यसन कबूल केलं होतं आणि सुटायची ताकद मागितली होती.

मी म्हटलं, "हे गाऱ्हाण्याचं वगळ गं. पाहुण्यांना समजावत बसावं लागेल. तू केंद्राच्या बैठकीचं सांग ना."

"दोनदाच तर आले ते."

"आले ना? मग झालं."

पुढे ती म्हणाली, "आणि मशीन हेंनीच आणली. मालाडला एक टेलर दुकान बंद करत होता, त्याच्याकडून. रिक्षात घालून आणली, स्वतःच दुरुस्त केली. रविवारी तेल पण तेच घालतात."

"ते पण वगळ. आधी मारायचा म्हणतेस, मग मशीन आणली म्हणतेस. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो."

रंजना "बरं" म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता. अशी गोष्ट तयार झाली. तिच्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. नवरा प्यायचा, टोप फेकून मारलं, केंद्राच्या ताई आल्या, मी शिलाई शिकले, आज माझ्या पायावर उभी आहे. ऐकून पाहुणे डोळे पुसायचे. जाताना टाळ्या वाजवायचे. रंजनालाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? तिच्यासाठी त्याआधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आता घरातल्या बाकीच्या दोघांचं. पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की रंजनाचा नवरा उठायचा, चपला घालायचा आणि बाहेर जायचा. आम्ही गेल्यावर परत यायचा. मला वाटायचं, शहाणा माणूस आहे, जागा करून देतो. स्नेहल कॉटच्या कोपऱ्यात वह्या घेऊन बसलेली असायची. एकदा, ती आठेक वर्षांची असेल, सांगता सांगता रंजना अडखळली. तर कोपऱ्यातून स्नेहल म्हणाली, "आई, टोप फेकलेलं राहिलं." सगळे हसले. मीही हसले. पोरगी हुशार आहे असं मी पाहुण्यांना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आणखी एकदा तो चपला घालत असतानाच पाहुणे दारात पोचले. त्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी हसून त्याचा हात हातात घेतला आणि मला विचारलं, हे कोण? आता गोष्टीतला दारुडा असा स्वच्छ भांग पाडून, हसऱ्या चेहऱ्याने दारात उभा कसा चालेल? मी म्हटलं, "शेजारी आहेत." तो माझ्याकडे बघत होता. त्याने मान हलवली आणि गेला. त्याच्याच घराच्या उंबऱ्यावर मी त्या माणसाला शेजारी केलं. त्या दिवशी मला याचं काहीसुद्धा वाटलं नव्हतं, उलट वेळ निभावली म्हणून हुश्श केलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो केंद्रात आला. दुपारची वेळ होती, बालवाडीची मुलं गेली होती. मी बसा म्हटलं तरी दारातच उभा राहिला, खाकी शर्टाचं वरचं बटण लावत.

"ताई, एक इचारूचा होता."

"बोला ना भाऊ."

"रंजना सांगता ता खोटा नाय. मी केलंय ता केलंय. पण आता सात वर्सां झाली. चेडू मोठा झाला. आता ता सांगूचा बंद करूक जमात काय?"

मुलगी मोठी झाली, आता ते सांगणं बंद करता येईल का, एवढंच तो विचारत होता. मी 'हो' म्हणायला हवं होतं. त्याच क्षणी, उभ्या उभ्या. पण मी काय म्हटलं? "भाऊ, डिसेंबरात मोठे पाहुणे येणार आहेत. तेवढं होऊ दे. मग बघू या आपण."

"बरां," तो म्हणाला आणि गेला. वाद घातला असता तर बरं झालं असतं. माझा स्वभाव असा की कुणी भांडलं तर मी विचार तरी करते. मुकाट्याने ऐकणाऱ्याचं मी कधी मनावर घेतलं नाही, आणि ज्या बाईचं काम ऐकण्याचं तिचा हा दोष फार वाईट.

डिसेंबरच्या आधीच चर्चचा वार्षिक सण आला. आधी नऊ दिवस संध्याकाळच्या प्रार्थना, मग सणाचा रविवार. त्या दिवसांत गेटबाहेर स्टॉल लागतात. मेणबत्त्या, चणे, खेळणी, आणि त्यात एक स्टॉल आमच्या केंद्राचा. त्या वर्षी मी म्हटलं, नुसत्या पिशव्या आणि पायपुसणी काय विकायची, काम दिसलं पाहिजे. मोठा फ्लेक्स करू. मशीनवर बसलेल्या रंजनाचा झकास फोटो माझ्याकडे होता. वर ठळक लाल अक्षरांत मजकूर मीच लिहिला: "दारुड्या नवऱ्याच्या छळातून स्वावलंबनाकडे."

फादरांनी छापायच्या आधी कागद पाहिला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "घरच्यांना विचारलंस?"

"हो फादर."

"दोघांना?"

"हो."

रंजनाला विचारलं होतं. तिने सहीही केली होती. तिला मी "फोटो लावतोय स्टॉलला" एवढं सांगितलं होतं, मजकूर वाचून दाखवला नव्हता. नवऱ्याला विचारलंच नव्हतं, कारण तो काय म्हणेल ते मला माहीत होतं. तेवीस वर्षांत मी फादरांशी खोटं बोलले ते एवढंच. एकच, पण नेमकं हेच.

चर्चच्या गेटसमोर रिक्षास्टॅंड आहे. रंजनाचा नवरा तिथेच उभा राहायचा, हे मला माहीत नव्हतं असं नाही, डोक्यातच आलं नाही. पुढचं मला स्टॅंडवरच्या एका रिक्षावाल्याने नंतर सांगितलं. सकाळी सगळे लायनीत उभे होते. एकाने वर बघून मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "ए, ही आपली वहिनी ना रे?" रंजनाच्या नवऱ्याने वर पाहिलं, पूर्ण वाचलं, रिक्षा सुरू केली आणि लायनीतून बाहेर काढली. त्या स्टॅंडवर तो पुन्हा कधी आला नाही. पार चेकनाक्याजवळ जाऊन धंदा करू लागला. फ्लेक्स मात्र दहाही दिवस लटकत होता.

सण संपला. फ्लेक्स वाया कशाला घालवायचा, म्हणून वस्तीतल्या ज्या कुटुंबाने मागितला त्यांना मी तो देऊन टाकला. त्यांनी तो गळक्या पत्र्यावर टाकला, अक्षरं वर करून. घर त्याच गल्लीतलं, रंजनाच्या समोरून तिसरं. दोन दिवसांनी रंजनाचा नवरा स्टूल घेऊन आला, त्यांच्या पत्र्यावर चढला, फ्लेक्स उलटा केला आणि दोरीने पुन्हा घट्ट बांधून दिला, त्यांचं घर गळू नये म्हणून. मला हे मंडळाच्या बैठकीत कुणीतरी सांगितलं. मी "हो का?" म्हटलं आणि पुढच्या विषयाकडे वळले.

तुम्हाला वाटत असेल, आता तो परत प्यायला लागला असेल. मलाही तीच भीती होती, आणि मनाच्या एका कोपऱ्यात कार्यकर्तीचा हिशोबीपणा असा की तसं झालं तर पुन्हा घरभेटी सुरू करता येतील. पण तो नाही प्यायला. शेवटपर्यंत नाही.

डिसेंबरातले मोठे पाहुणे आले तेव्हा रंजनाच्या दाराला कुलूप होतं. मी चिडले. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं तर ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ताई, आता माझ्याकडून नाय होणार." स्नेहल तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती उठून मोरीत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. केंद्राच्या कागदात मी लिहिलं, 'सहभाग कमी झाला.' मग मी दुसरं घर शोधलं. मिळालं. अशी घरं नेहमी मिळतात.

तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. हॉलमध्ये निरोप समारंभ, शांताबाईंचं भाषण, शाल, श्रीफळ. रंजना आली नव्हती. का आली नाही ते मला कळत होतं, आणि तरीही त्या गल्लीत जायला माझे पाय तयार होत नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन वर्षं गेली. मग गेल्या वर्षी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिसलं की रंजनाचा नवरा गेला. रिक्षा चालवतानाच छातीत दुखायला लागलं, रिक्षा बाजूला घेतली, पॅसेंजरला उतरवलं, आणि तिथेच.

आठव्या दिवशी मी गेले. दार स्नेहलने उघडलं. ती आता लॅबमध्ये नोकरी करते. मला ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही.

"आज पाहुणे नाही आणले?"

आतून रंजना म्हणाली, "येऊ दे गं तिला." भिंतीवर त्याचा फोटो होता, खाली मशीन आणि मशीनवर तेलाची छोटी बाटली. मी म्हटलं, "रंजना, माझं चुकलं." ती म्हणाली, "माझं पण. मला टाळ्या आवडायच्या." स्नेहल तेवढ्यात फटकन म्हणाली, "तू गप गं आई. तुला शिकवलं कोणी?" बरोबर होतं तिचं.

आमचे ते फादर कधीच बदलून वसईकडे गेलेत. त्यांना मी फोन करून सगळं सांगितलं, नवऱ्याला विचारलं नव्हतं हेसुद्धा. चर्चमध्ये पापाची कबुली द्यायची लाकडी खोली असते, तेवीस वर्षं तिच्यावरची धूळ पुसलेली मी पाहिली. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग, पोरी? तो माणूस तुझ्या दारात येऊन उभा होता." मी फोन ठेवला आणि रडले.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी लेख मागितला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या कामातली एखादी यशोगाथा द्या." यशोगाथा म्हटल्यावर मला लाल अक्षरंच आठवली. हा लेख लिहायला घेण्याआधी मी रंजनाकडे गेले, आणि या वेळी घरात जेवढी माणसं होती तेवढ्या सगळ्यांना विचारलं. रंजना म्हणाली, "लिही. माझं नाव बदल. चेडवाचं पण. ह्यांचं बदलू नको. एवढी वर्षं तुमच्या कागदात ते नुसते 'नवरा' होते."

ते खरं होतं. मी घरी जुने कागद काढून पाहिले. पती, नवरा, दारुडा नवरा. नाव एकदाही नाही. या लेखातसुद्धा इथपर्यंत मी तसंच लिहीत आले आहे, हाताला तेच वळण पडलेलं असतं.

लिहून झाल्यावर परवा रविवारी मी कागद घेऊन गेले. रंजना मशीनपाशी बसली, स्नेहल कॉटच्या त्याच कोपऱ्यात. "शेवट वाचा आधी," स्नेहल म्हणाली. मी वाचला.

"त्यांचं नाव दत्ताराम. रिक्षा चालवायचे. त्यांनी दारू स्वतः सोडली, गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालून. आमच्या केंद्रामुळे नाही. बायकोला मशीन त्यांनी आणून दिली आणि दर रविवारी तिला तेल घातलं. मुलगी मोठी झाली तेव्हा ते माझ्याकडे आले आणि ती गोष्ट सांगणं बंद करा म्हणाले. मी ऐकलं नाही."

रंजनाने पदर तोंडाला लावला होता. मी स्नेहलकडे पाहिलं. "शेवटचं वाक्य तुला टोचत असेल तर काढते," मी म्हटलं.

"बाकी काय काढायचं ते काढा," स्नेहल म्हणाली. "तेवढं ठेवा."